एक कोटींचे पाच कारभारी



अमेरिकेच्या राज्यकारभाराविषयी बोलू लागलो की आपली दृष्टी वॉशिंग्टनच्या पलीकडे सहसा जात नाही. परंतु त्या देशातील सामान्य माणसाला सरकार भेटते ते दुसऱ्याच ठिकाणी. जन्माची नोंद, लग्नाचा परवाना, घराचे खरेदीखत, मतदानाची व्यवस्था, तुरुंग, गरिबांचे इस्पितळ आणि अखेर संशयास्पद मृत्यूची चौकशी, यांतील पुष्कळशी कामे बहुतेक राज्यांत काउंटी नावाची संस्था करते. आज मला तिच्याविषयी सांगावयाचे आहे.

काउंटी म्हणजे आपला जिल्हा, असे कोशात पाहून म्हणता येईल. पण तेवढ्याने काम भागत नाही. आपल्याकडे जिल्हा म्हटला की प्रथम कलेक्टर डोळ्यांपुढे येतो. तो वरून नेमलेला असतो आणि वरूनच बदलतो. लोकांनी निवडलेली जिल्हा परिषद त्याच्या शेजारी 1 मे 1962 रोजी येऊन बसली. अमेरिकेत राज्य सरकारने पाठविलेला असा कलेक्टर नाही. तेथे अनेक ठिकाणी पोलिसांचा प्रमुख शेरीफ, सरकारी वकील आणि मालमत्तेची आकारणी करणारा अधिकारी हेसुद्धा मते मागून निवडून येतात! ही पदे इंग्लंडच्या जुन्या शायरांची आठवण देतात. शायरचा रीव्ह, म्हणजे राजाचा कारभारी, तोच पुढे शेरीफ झाला. इंग्रजांबरोबर तो मुंबईसही आला. पण येथे नगरपाल हे शोभेचे पद राहिले. तिकडे मात्र त्याच्या कमरेला पिस्तूल आणि हाती तुरुंगाच्या किल्ल्या आहेत.

अशा काउंट्या तीन हजारांहून अधिक आहेत आणि त्यांत कसलेही प्रमाण नाही. टेक्सासमधील लव्हिंग काउंटीत 2020 च्या खानेसुमारीत 64 माणसे भरली, तर कॅलिफोर्नियातील लॉस एंजेलिस काउंटीत एक कोटींहून अधिक. कनेक्टिकट राज्याने 1960 मध्ये काउंटी सरकारे मोडूनच टाकली. तेथे काउंटी उरली ती नकाशावर.

लॉस एंजेलिसचेच उदाहरण जरा बारकाईने पाहू. या काउंटीत 88 शहरे आहेत. लॉस एंजेलिस शहर हे त्यांतील एक. त्यांचे मेयर निराळे, नगरसभा निराळ्या. पण दोन-तृतीयांश भूभाग कोणत्याही शहरात मोडत नाही, आणि तेथे सुमारे दहा लाख लोक राहतात. त्यांना मेयर नाही, नगरसभा नाही. रस्त्यापासून पोलिसापर्यंत सारे काही काउंटीकडून यावयाचे. याशिवाय शहरवासीयांसाठीही ती अनाथ मुलांचा सांभाळ, सार्वजनिक इस्पितळे, निवडणुका, तुरुंग ही कामे करते. बहुतेक शहरांतील उपाहारगृहांच्या दारावरचे ए, बी किंवा सी असे स्वच्छतेचे गुणपत्रकही तीच लावते. आपल्याकडील खवय्यांनी या शेवटच्या कामाचा अवश्य विचार करावा.

हा पसारा चालविण्यास चाळीस अब्ज डॉलरहून अधिक वार्षिक अंदाजपत्रक आणि एक लाखाहून अधिक नोकर आहेत. आणि वर कारभारी किती? तर पाच! सुपरवायझर नावाचे हे पाच सभासद 1852 पासून पाचच आहेत. तेव्हा काउंटीची वस्ती काही हजार होती. आज एकेकाच्या वाट्याला वीस लाख माणसे येतात. नियम करावयाचे त्यांनी, अंमल करावयाचा त्यांच्याच हाताखालच्या खात्यांनी, आणि काही अपिले ऐकावयाची तीही त्यांनीच. मतदारसंघांच्या सीमाही तेच आखीत. त्या आखताना लॅटिन अमेरिकन वंशाच्या मतदारांची ताकद जाणूनबुजून फोडली, असा निर्णय संघीय न्यायालयाने 1990 मध्ये दिला. सीमा नव्याने आखल्यावर 1991 मध्ये ग्लोरिया मोलिना निवडून आल्या. त्या समाजातील स्त्री त्या मंडळावर प्रथमच बसली.

शेरीफही निवडून आलेला, म्हणजे तो या पाचांचा नोकर नव्हे. पैसा त्यांनी द्यावयाचा, तुरुंग त्याने चालवावयाचे. ली बाका हे माजी शेरीफ तुरुंगातील मारहाणीच्या संघीय चौकशीत अडथळा आणल्याबद्दल 2017 मध्ये दोषी ठरले. 2022 मध्ये मतदारांनी मंडळाला, पाचांपैकी चौघांचे मत पडल्यास, शेरीफला सकारण पदच्युत करण्याचा अधिकार दिला. निवडून आलेल्या माणसाला दुसऱ्या निवडून आलेल्या माणसांनी काढावे की काढू नये, हा वाद सोपा नाही. मला तो अधिकार योग्य वाटतो. तुरुंगातल्या माणसाला चार वर्षे पुढच्या निवडणुकीची वाट पाहावयास सांगणे क्रूरपणाचे आहे.

आता अल्टाडीना. डोंगराच्या पायथ्याचे हे गाव कोणत्याही शहरात नाही. 7 जानेवारी 2025 च्या संध्याकाळी ईटन नावाच्या घळीत वणवा पेटला आणि वादळी वाऱ्याने गावात शिरला. नऊ हजारांहून अधिक इमारती जळाल्या. गावाच्या मध्यावरून लेक ॲव्हेन्यू जातो. त्याच्या पूर्वेस घरे सोडण्याचे हुकूम संध्याकाळीच निघाले. पश्चिमेस ते पहाटे तीननंतर निघाले. मृतांपैकी जवळजवळ सर्व पश्चिमेचे. ज्याच्या दारी जाऊन जाब विचारावा असा मेयर त्या गावाला नव्हता. लोकांनी जावयाचे ते काउंटीच्या त्या पाचांकडे, आणि त्यांतही आपल्या मतदारसंघाच्या एकाकडे. आपल्याकडे 2022 नंतर अनेक जिल्हा परिषदांच्या मुदती संपून कारभार प्रशासकांच्या हाती गेला, तेव्हा आपल्या किती गावांनी हेच अनुभवले ते आपण जाणताच.

वणव्याच्या आधीच, नोव्हेंबर 2024 मध्ये, मतदारांनी निसटत्या बहुमताने सनद बदलली होती. पाचांचे नऊ होतील, आणि 2028 मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी थेट लोक निवडतील. वीस लाखांमागे एकाऐवजी अकरा लाखांमागे एक, एवढाच हिशेब मांडला तर फरक थोडा वाटेल. खरा बदल दुसरा आहे. अंदाजपत्रक मांडण्यासाठी आणि ते मंजूर करण्यासाठी लोक निरनिराळी माणसे निवडतील. त्या घाईत एक गंमतही झाली. तुरुंगाऐवजी लोककल्याणावर ठरावीक पैसा खर्चण्याची तरतूद मतदारांनी 2020 मध्ये सनदेत घातली होती. नव्या मसुद्यामुळे ती 2028 मध्ये आपोआप गळून पडणार, हे 2025 च्या उन्हाळ्यापर्यंत कोणाच्याच ध्यानी आले नव्हते. एवढे मोठे वकिलांचे खाते पदरी असून!