'लूट': एका क्रियापदाचा प्रवास

काशीच्या शिवाला घाटावर राजा चेतसिंहाचा वाडा आजही गंगेकडे तोंड करून उभा आहे. इंग्रजीतील एका क्रियापदाच्या चरित्रात या वाड्याला स्थान आहे. ते क्रियापद म्हणजे 'लूट'.

मूळ शब्द आपल्याकडचाच. त्याचे नाते कोणी संस्कृतातील 'लुण्ट्' धातूशी जोडतात, तर कोणी 'लुप्' धातूशी. 'लोप्त्र' म्हणजे चोरीचा माल. हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांत हा शब्द नांदत होता.

१७७८ पासून कंपनी सरकार फ्रेंचांशी चाललेल्या युद्धासाठी चेतसिंहाकडे ठरल्या खंडणीवर आणखी पाच लाख रुपये मागू लागले. ऑगस्ट १७८१ मध्ये वॉरन हेस्टिंग्ज काशीस आला व त्याने राजाला त्याच्याच वाड्यात अटकेत ठेवले. शहर खवळले, पहाऱ्यावरचे शिपाई मारले गेले. राजा पागोट्यांच्या दोराने खिडकीतून उतरून गंगापार झाला आणि हेस्टिंग्जला चुनार गाठावे लागले. नोव्हेंबरात राजाचा विजयगड पडला. तेथील खजिना फौजेने आपसांत वाटून घेतला. चेतसिंहाला पुढे महादजी शिंद्यांनी आश्रय दिला. १८१० साली तो ग्वाल्हेरीस वारला.

१७८८ साली लंडनला हेस्टिंग्जवर महाभियोग उभा राहिला. काशीचे प्रकरण हा त्यातील एक मुख्य आरोप होता. त्याच वर्षी तेथे हिंदुस्थानी शब्दांचा एक लहानसा कोश निघाला. त्याच्या आरंभी महाभियोगाची रीत सांगितली होती, आणि त्यात 'लूट' हा शब्दही होता. आधी नाम म्हणून गेलेला हा शब्द पुढच्या शतकात क्रियापद झाला. चीन, क्रिमिया आणि १८५७ चे युद्ध या मोहिमांतून तो शिपायांच्या तोंडून वृत्तपत्रांत गेला. १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशाने त्याची कुळकथा सांगितली.

महाभियोगातून हेस्टिंग्ज १७९५ साली निर्दोष सुटला. शब्द मात्र इंग्रजीत कायमचा राहिला.

पण इंग्रजीने उचलला तो एकच अर्थ. मराठी माणूस दसऱ्याला सोने लुटतो, ते आपट्याची पाने देऊन. संक्रांतीला सुवासिनी वाण लुटतात, म्हणजे हातचे दुसरीच्या ओटीत घालतात. घेणे आणि देणे या दोहोंना पुरणारे हे क्रियापद सातासमुद्रापार गेले. त्यातले देणे मात्र इथेच राहिले.