रुग्णालयातील समाजसेवक आणि त्याचे पदवीनंतरचे शिक्षण
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



विद्यार्थ्यांच्या गुणगौरवाचा समारंभ नुकताच आटोपला आहे. परीक्षेत यश मिळविलेल्या मुलामुलींचे कौतुक करावयाचे व त्यांना शिष्यवृत्त्या द्यावयाच्या, ही आपल्या संस्थेची जुनी आणि स्तुत्य प्रथा होय. मी जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेला व आयुष्यभर शाळेत शिकविलेला मनुष्य. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा अधिकार मला नाही. परंतु निवृत्तीनंतर ज्ञातीतील रुग्णांसोबत रुग्णालयात जाण्याचे प्रसंग वारंवार येतात. तेथे जे पाहिले व त्यानिमित्त जे वाचले, त्यावरून एक विषय आपणापुढे मांडावा असे वाटले.

समाजसेवक म्हणजे वर्गणी गोळा करणारा किंवा रुग्णांना फळे वाटणारा सद्गृहस्थ, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत असते. रुग्णालयातील समाजसेवा हा मात्र रीतसर शिकून करावयाचा व्यवसाय आहे. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात १८९५ साली मेरी स्टुअर्ट या बाईंची नेमणूक झाली, तेथून या कामाचा आरंभ मानतात. आपल्याकडे १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे विद्यालय निघाले; तेच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून नावारूपास आले. १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाची पहिली नेमणूक झाली. आज सरकारी रुग्णालयांत 'समाजसेवा अधीक्षक' अशी पाटी दिसते, ती याच परंपरेतील.

या माणसाचे काम काय, हे एका उदाहरणाने सांगतो. मधुमेहाने पाय सडला म्हणून एखाद्या रिक्षाचालकाचा पाय कापावा लागला, असे समजा. शस्त्रक्रिया डॉक्टरांनी केली, जखम परिचारिकांनी भरून आणली. परंतु तो घरी जाणार कोठे? चाळीतील तिसऱ्या मजल्यावर. घर चालविणार कोण? इन्शुलिन ठेवण्यास घरात शीतकपाट आहे काय? अपंगत्वाचा दाखला कोण मिळवून देणार? आणि "आता मी कोणाच्या उपयोगाचा?" असे म्हणून भिंतीकडे तोंड करून पडलेल्या त्या माणसाशी बोलणार कोण? हे सर्व समाजसेवकाकडे येते. बिल कमी करण्याचा अर्ज हा त्या कामाचा केवळ एक भाग आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. हा समाजसेवक समाजकार्याची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घेऊन नोकरीस लागतो. तेवढ्या शिदोरीवर पुढील तीस वर्षे निघतील काय? नुसते कायदेच पाहा. मनोरुग्णांविषयी १९१२ चा कायदा होता. तो जाऊन १९८७ चा आला. तोही जाऊन २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला व २९ मे २०१८ पासून अमलात आला. घरचे लोक नेत नाहीत, एवढ्याच कारणास्तव रुग्णास मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही, असे हा कायदा म्हणतो. अपंगत्वाचे प्रकार १९९५ च्या कायद्यात सात होते, २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या कायद्याने अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक केले. एकीकडे रुग्णाचे गुपित राखण्याचे व्रत, दुसरीकडे कळविण्याचे कर्तव्य! कोठे बोलावयाचे व कोठे मौन पाळावयाचे, हे ज्याने नव्याने अभ्यासले नाही, त्याच्या हातून नकळत एखाद्या कुटुंबाचे अकल्याण होईल.

महाराष्ट्रात डॉक्टरांना दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना पुढील शिक्षणाचे तीस श्रेयांक दाखवावे लागतात. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या केंद्रीय कायद्याने रुग्णालयीन समाजसेवकांनाही आपल्या यादीत स्थान दिले आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु यादीत नाव आल्याने विद्या येत नाही. दूरस्थ पद्धतीचे छोटे अभ्यासक्रम आता घरबसल्या मिळतात. बंगळूरच्या निम्हान्सने त्यासाठी डिजिटल अकादमीच उभारली आहे. त्यांचा लाभ अवश्य घ्यावा. तथापि चाळीस वर्षे वर्गात उभे राहून मला एवढे कळले आहे की, फळा पाहून शिकलेले व पाटीवर गिरवून शिकलेले यांत फार अंतर असते. अवघड रुग्णाची हकीकत अनुभवी वडीलधाऱ्यापुढे मांडावी, आपले कोठे चुकले ते ऐकून घ्यावे, आणि पुन्हा त्या रुग्णाकडे जावे. या व्यवसायातील खरे शिक्षण असेच होते.

यास अडचणी अनेक आहेत. योजनांचे अर्ज, दाखले व नोंदी यांतच दिवस सरतो. रुग्णापाशी बसावयास वेळ उरत नाही. दुसऱ्यांचे दुःख दररोज ऐकून मन थकते, त्या थकव्याची दाद कोणी घेत नाही. अभ्यासवर्गास जावयाचे तर शुल्क व प्रवासखर्च पुष्कळदा स्वतःच्या खिशातून करावा लागतो. शिवाय पुस्तके बहुधा परदेशी. त्यांत रुग्ण एकटा येऊन मन मोकळे करतो. आपल्याकडे त्याच्या खाटेभोवती आत्या, मामा, मेहुणे असे सारे उभे असतात, आणि रुग्णाच्या आधी तेच उत्तर देतात!

भगिनींनो आणि बंधूंनो, येथे आपणासही थोडे आत्मपरीक्षण केले पाहिजे. घरात कोणास मानसिक आजार झाला की तो आपण झाकून ठेवतो. पुढे मुलामुलींची लग्ने जमणार नाहीत, ही धास्ती असते. समाजसेवकाने विचारले तरी खरे सांगत नाही. अर्धीच हकीकत कळलेला समाजसेवक कितीही शिकलेला असला तरी काय करणार? आजार लपविल्याने उपचारास विलंब होतो, आणि त्याची झळ अखेर त्या मुलामुलींनाच पोहोचते.

म्हणून तीन सूचना नम्रपणे करतो. पहिली, संस्थेच्या शिक्षणनिधीचा काही अंश ज्ञातीतील नोकरीत असलेल्या समाजसेवकांच्या व परिचारिकांच्या पुढील अभ्यासासाठी राखून ठेवावा. परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास आपण बक्षीस देतो. शिकत राहणाऱ्यासही द्यावे. दुसरी, वर्षातून दोन वेळा आपले सभागृह अशा कार्यकर्त्यांच्या चर्चेसाठी विनामूल्य द्यावे, व तेथे येणाऱ्यांस ज्ञातीची अट असू नये. कारण रुग्णाच्या खाटेवर ज्ञाती लिहिलेली नसते. तिसरी, वधूवर सूचक मंडळाच्या मेळाव्यात मनाच्या आजारांविषयी जाणत्या व्यक्तीचे एक व्याख्यान ठेवावे.

यांपैकी पहिल्या सूचनेचा निर्णय याच सभेत झाला, तर पुढील वर्षीच्या गुणगौरवात शालेय मुलांच्या रांगेत एखादा प्रौढ विद्यार्थीही उभा दिसेल.