घरांतील राउटर आणि त्याच्या दोन किल्ल्या

अहमदाबाद शहरांत ता. २६ जुलै २००८ रोजीं बॉम्बस्फोटांची मालिका झाली. तीपूर्वीं कांहीं मिनिटें वृत्तवाहिन्यांकडे धमकीचें एक ई-मेल पोंचलें होतें. पोलिसांनीं माग काढला, तो नवी मुंबईंत सानपाडा येथें राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाच्या दाराशीं येऊन थांबला. पत्र त्याच्या जोडणीवरून गेलें होतें; परंतु त्याच्या वाय-फायला कुलूपच नव्हतें. गृहस्थाची कसून चौकशी झाली आणि घरांतील संगणक तपासासाठीं गेले.

राउटर ही भिंतीवरची लहानशी पेटी. तिच्या लहरी मात्र उंबरठा ओळखीत नाहींत. जिन्यांत, गच्चीवर, रस्त्यावरही त्या पोंचतात. आज बहुतेक घरीं पासवर्ड असतो, हें खरें. पण तो कसा असतो? जोडणी करून देणारा माणूस घाईंत असतो. तो यजमानांचा मोबाइल क्रमांक विचारतो आणि तोच पासवर्ड म्हणून घालून मोकळा होतो. पाहुण्यांस सांगावयासही किती सोयीचें!

तेल अवीव शहरांतही हाच प्रघात आहे. २०२१ सालीं सायबरआर्क या कंपनींतील एका संशोधकानें तेथें हिंडून ५,००० वाय-फाय जाळ्यांच्या खुणा हवेंतून टिपल्या आणि त्यांपैकीं शेंकडा सत्तरांहून अधिक पासवर्ड शोधून काढले. अशी खूण एकदां हातीं आली कीं पुढील तर्क घरीं बसून लढवितां येतात. राउटरला त्याचा पत्ताही लागत नाहीं. तेथील मोबाइल क्रमांकाचे पहिले दोन आंकडे ठरलेले. उरलेल्या आठांचे पर्याय १० कोटी. एक लॅपटॉप ते सुमारें नऊ मिनिटांत संपवितो. भारतांतील क्रमांक ६ ते ९ यांपैकीं आंकड्यानें सुरू होतात, म्हणजे पर्याय ४०० कोटी. त्याच वेगानें त्यांस सहा तासही लागावयाचे नाहींत. उलट, परस्परांशीं कांहींच संबंध नसलेले पांच-सहा शब्द रोमन लिपींत सलग लिहिले, तर ते घरांतील आजीबाईंच्याही ध्यानांत राहतात आणि अशा यंत्राच्या आवांक्याबाहेर जातात.

दुसरी किल्ली पुष्कळांस ठाऊकच नसते. वाय-फायचा पासवर्ड निराळा आणि राउटरच्या कारभाराचा निराळा. हा दुसरा पुष्कळदां कारखान्यांतून ‘अ‍ॅडमिन’ असा येतो व वर्षानुवर्षें तसाच राहतो. २०१६ सालीं ‘मिराई’ नांवाच्या घातकी प्रणालीनें अशा साठेक ठराविक जोड्या लावून पाहून लाखों कॅमेरे व राउटर वश केले. ता. २१ ऑक्टोबर रोजीं त्यांच्या माऱ्यामुळें अमेरिकेंत ट्विटर, नेटफ्लिक्स हीं संकेतस्थळें अडखळलीं. ब्रिटननें तर २९ एप्रिल २०२४ पासून सहज ओळखतां येणाऱ्या अशा मूळ पासवर्डांस कायद्यानेंच बंदी केली आहे.

डब्ल्यूपीएस नांवाची सोय असल्यास ती बंद करावी. तिचा आठ आंकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जात असल्यानें तो ११,००० प्रयत्नांत हातीं लागतो, हें २०११ सालींच उघड झालें. कारभाराच्या पानाचा पत्ता बहुधा पेटीच्या पाठीवरील चिठ्ठीवर असतो. तेथेंच सुधारित आवृत्तीही पहावी. आणि उत्पादकानें ती पाठविणें थांबविलें असेल, तर दिवा लागतो आहे एवढ्यावर विसंबून जुनी पेटी ठेवूं नये.