खारपाण, खत आणि विजेचा साठा



पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात मीठ ही काही कौतुकाची वस्तू नव्हे. अकोला-अमरावतीकडच्या कित्येक विहिरींनी ते आपल्याला पोटभर पाजले आहे. त्याच मिठातल्या सोडियमची भलामण करायला आम्ही उभे आहोत. मात्र आधीच सांगतो, या विहिरींतून सोडियम उपसण्याचा आमचा बेत नाही. समुद्राच्या मिठातून तो स्वस्तात मिळतो. दुर्मिळ आहे तो लिथियम. भूकवचात तो सोडियमच्या सुमारे हजारावा हिस्सा.

१९९७ साली पाढी, गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिथियम, लोह आणि फॉस्फेट यांचा पदार्थ बॅटरीच्या धनाग्रासाठी पुढे आणला. आता लिथियमच्या जागी सोडियम घातला की काम फत्ते, असे कोणालाही वाटेल. पण ते मिश्रण भट्टीत तापविले की मॅरिसाइट नावाचा पदार्थ तयार होतो, आणि त्यात सोडियमच्या कणांना हलायला वाटच राहत नाही. वाडा चिरेबंदी बांधला आणि दरवाजा ठेवायचा राहिला, त्यातली गत! बॅटरी चालते ती या कणांच्या ये-जा करण्यावर. व्हॅनेडियम वापरला तर वाटा प्रशस्त मिळतात, पण तो महाग. २०१२ साली कोरियातील संशोधकांनी फॉस्फेटाबरोबर त्याचा जोडभाऊ पायरोफॉस्फेट गुंफला आणि लोखंडावरच भागविले. आपल्याकडेही पुण्याच्या आयसर संस्थेच्या सहकार्याने केपीआयटी कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये सोडियम-बॅटरीचे तंत्र जाहीर केले.

ही बॅटरी लिथियमच्या बॅटरीहून जड असते. मोटारीला ते जाचेल. विहिरीवरच्या पंपाला काय त्याचे? आपल्याकडे ओलिताची लाइन पुष्कळदा रात्री येते, आणि शेतकरी अंधारात साप-विंचवांतून बारे द्यायला जातो. ती वीज साठवून दिवसा पाणी देता आले तर?

इथे एक हिशेब मांडतो. या मिश्र फॉस्फेटात वजनाच्या सुमारे २० टक्के फॉस्फरस असतो. डीएपी खतातही तेवढाच! एक युनिट वीज साठवायला हा पदार्थ अंदाजे ३ किलो लागतो. म्हणजे ५० किलोंच्या एका पोत्याइतक्या फॉस्फरसात सुमारे १६ युनिटे, ५ अश्वशक्तीचा पंप चार तास.

तेव्हा पेरणीच्या तोंडावर खताच्या दुकानापुढे उभा असलेला माणूस विचारील, ‘आमचे पोते तुमच्या पेटीत जाणार काय?’ प्रश्न रास्त आहे. देशाला लागणारा फॉस्फेट-खडक बराचसा बाहेरून येतो. आमच्या मते पहिला हक्क पऱ्हाटीचाच. पण खताचे पोते दरसाल लागते, पेटीतले एकदा भरले की कित्येक वर्षे तिथेच राहते. पेटी निकामी झाल्यावर त्यातला फॉस्फरस परत काढता येतो. तो काढण्याची सोय मात्र पेट्या विकायला येण्याआधी हवी, नंतर नव्हे.