फोमचें मॉस्किटो विमान

भातकापणी उरकून शेतें मोकळीं झालीं, म्हणजे वसईच्या किनारपट्टींत सकाळची पहिली घटका दोन घटका हवा बहुधा निवांत असते. गिरीजच्या हिरा डोंगरीवर, जेथें वज्रगडाचे अवशेष आणि दत्ताचें देऊळ आहे, तेथें उभें राहून पाहिलें तर खालच्या वाड्यांतील केळीचें पानहि हालतांना दिसत नाहीं. समुद्राकडून वारा सुटावयाचा तो उन्हें चढल्यावर. बिनतारी यंत्रानें चालणारें लहान विमान उडविण्यास हीच वेळ सोयीची. आणि हा छंद ज्यास जडला त्यास पहाटे उठणें कधींच जड जात नाहीं.

अशा एका घराचें चित्र श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावें. गिरीजच्या एका वाडींत राहणाऱ्या तरुणानें दुसऱ्या महायुद्धांतील मॉस्किटो या दोन इंजिनांच्या लढाऊ विमानाची फोमची प्रतिकृति आणिली आहे, असें समजावें. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार साडेसोळा मीटर होता. ही प्रतिकृति त्याच्या सुमारें बाराव्या हिश्श्याची, म्हणजे दोन हात पसरून उचलतां येईल एवढी, आणि वजनानें दीड किलोच्या आंतबाहेर. पेट्रोलच्या इंजिनांऐवजीं तिला विजेच्या दोन मोटरी आहेत.

फोमच्या प्रतिकृतीसाठीं मॉस्किटोच निवडावें, यांत एक मौज आहे. हें विमान मुळांतच लांकूड आणि सरस यांचें होतें. २५ नोव्हेंबर १९४० रोजीं इंग्लंडांत हॅटफील्ड येथें तें प्रथम उडालें, त्या वेळीं जगांतील बहुतेक लढाऊ विमानें ॲल्युमिनियमचीं होत असत. मॉस्किटोचें धड मात्र बाल्सा या अत्यंत हलक्या लांकडाचा थर बर्च वृक्षाच्या पातळ प्लायवुडांत दाबून बनवीत. आणि तेंहि अखंड नव्हे, तर शेंगेच्या दोन फांकांप्रमाणें डावी व उजवी बाजू निरनिराळी तयार करून मग एकमेकींस चिकटवीत. आजचें फोमचें धडहि सांच्यांतून असेंच दोन फांकांनीं निघतें. अशीं ७,७८१ मॉस्किटो विमानें बांधलीं गेलीं. तेव्हां ज्यास कोणी खेळणें म्हणेल, त्याची व मूळ यंत्राची रचना एकाच तत्त्वावर उभी आहे : हलका गाभा, आणि त्यास धरून ठेवणारा सांधा.

तर त्या तरुणाचें विमान उडालें, दोन फेऱ्याहि नीट झाल्या. तिसऱ्या फेरीस वळत असतां त्याचा डावा पंख एकाएकीं खालीं गेला, विमान गरकन् फिरलें आणि शेताच्या बांधावर आदळलें. डावा पंख इंजिनाच्या कोंदणापाशीं तुटला, नाक चेपलें. पाहावयास जमलेल्या मंडळींनीं जागच्या जागीं निकाल दिला : वाऱ्यानें घात केला. वारा हा मोठा सोयीचा आरोपी होय. त्याच्यावर समन्स बजावतां येत नाहीं, आणि तो आपली बाजू मांडावयासहि येत नाहीं.

मूळ मॉस्किटोविषयीं हाच वाद पूर्वीं एकदां झाला होता, आणि तोहि हिंदुस्थानच्या भूमीवर. १९४४ सालीं ब्रह्मदेशच्या आघाडीसाठीं हीं विमानें येथें आणिलेलीं होतीं. त्या वर्षाच्या उत्तरार्धांत त्यांपैकीं कांहीं हवेंतच मोडून पडलीं व त्यांतील माणसें प्राणांस मुकलीं. पंखाच्या मुख्य तुळईपासून वरचें आवरण सुटत असल्याचें दिसून आलें. नोव्हेंबरांत उड्डाणें थांबवून विमानांची तपासणी सुरू झाली. पहिला संशय अर्थात् येथल्या हवेवर : दुधाच्या केसीनपासून केलेला सरस उष्म्यानें व पावसानें निकामी होत असावा. विमानें बांधणाऱ्या कंपनीच्या संस्थापकांचे बंधु मेजर हेरवर्ड डी हॅविलंड हे तपासासाठीं हिंदुस्थानांत आले. डिसेंबरच्या आरंभीं त्यांनीं अहवाल दिला कीं, सरस निर्दोष आहे, पावसाळी हवेनें विमानाचा सांगाडाच आकसला. म्हणजे सरस सुटला, तरी दोष हवेच्याच पदरीं राहिला!

पुढील चौकशींत मात्र निराळेंच उघड झालें. इंग्लंडांत डेफर्ड येथें मॉस्किटोचे सहा निरनिराळे प्रकार उघडून पाहिले, तेव्हां त्यांतहि तसेच दोष आढळले. आणि या विमानांनीं मोसमी पाऊस कधीं अंगावर घेतलाच नव्हता. दोष होता बांधणींत. जे भाग एकमेकांस घट्ट भिडावयास हवे होते ते भिडलेच नव्हते, आणि अशा फटींत उत्तम सरसहि निरुपयोगी. उपाय त्या मानानें साधा निघाला. तुळईवरील सांध्याच्या पूर्ण लांबीवर प्लायवुडची एक पट्टी बसविण्यांत आली.

गिरीजच्या तरुणानें यावरून घ्यावयाचें तें एवढेंच कीं, दुरुस्तीस हात घालण्यापूर्वीं पडण्याचें कारण शोधावें. डाव्या इंजिनाचें कोंदण उघडल्यावर त्यास दिसेल कीं, मोटरीच्या तीन तारांपैकीं एकीची जोडणी सैल होऊन निसटली आहे. दोन इंजिनें म्हणजे दुप्पट निर्भयता, असें पुष्कळांस वाटतें. विमान हलकें असून वेग पुरेसा असला तर तें कांहीं अंशीं खरेंहि आहे. परंतु वळतांना व मंद वेगांत उलटेंच होतें. एक मोटर बंद पडली कीं दुसरी आपल्या बाजूनें विमान ओढूं लागते, नाक बंद मोटरीकडे फिरतें, त्या बाजूच्या पंखास वारा कमी मिळतो आणि तो खालीं बसतो. घाबरलेला माणूस अशा वेळीं नेमका वेग वाढवितो, म्हणजे फिरविणारें बळच वाढवितो. खऱ्या मॉस्किटोंतहि एका इंजिनावर ठराविक वेगाखालीं विमान वैमानिकाच्या हातीं राहात नसे. तोड एकच : चालू मोटरीचा जोर तत्काळ कमी करावा, नाक किंचित् खालीं द्यावें आणि समोर जी मोकळी जागा असेल तेथें घसरत उतरावें.

आतां तुटलेला पंख. फोम तुटतो तेव्हां त्याच्या तुटल्या कडा एकमेकींत तंतोतंत बसतात. कागद घासून त्या सपाट करण्याचा मोह आवरावा, कारण तोच खडबडीतपणा सांध्याचें बळ असतो. सुटे दाणे तेवढे झटकावे आणि प्रथम कांहींहि न लावतां जोडून पाहावें. चिकटद्रव्याची निवड फोमच्या जातीवर अवलंबून आहे. आजचीं बरीचशीं विमानें चिवट जातीच्या फोमचीं असतात, त्यांस बाजारांतलें झटपट चिकटणारें द्रव्य चालतें. परंतु तेंच द्रव्य साध्या थर्माकोलवर पडल्यास त्यास खाऊन भोंक पाडतें. दोन्ही दिसावयास सारखीं, म्हणून आंतल्या बाजूस थेंबभर लावून पाहिल्यावांचून पुढें जाऊं नये. मुख्य सांध्यास दोन भाग मिसळून करावयाचें इपॉक्सी उत्तम, आणि त्यांतहि सावकाश वाळणारें. पांच मिनिटांत वाळणारें घेतलें तर पंख सरळ करण्यास उसंतच मिळत नाहीं. तुटीच्या दोन्ही बाजूंस वीतभर जाईल अशी खांच पाडून तींत कार्बनची बारीक सळई बसवावी. ती न मिळाल्यास बांबूची वाळलेली कामटीहि चालते, आणि वसईच्या वाडींत ती विकत आणावी लागत नाहीं. शेवटीं सांध्यावरून पातळ चिकटपट्टी : मॉस्किटोवरच्या प्लायवुडच्या पट्टीचीच ही धाकटी बहीण.

चेपलेल्या नाकाचा उपचार ऐकून गृहिणींस गंमत वाटेल. चिवट फोमचा चेपलेला भाग उकळत्या पाण्यांत क्षणभर बुडविला, किंवा त्यावर तसें पाणी धरलें, कीं आंतले हवेचे कण फुगून तो पुष्कळसा पूर्ववत् होतो. हात मात्र जपावा.

द्रव्य वाळत असतां पंख सरळ आहे कीं नाहीं हें डोळ्यांनीं ठरवूं नये. शेपटीच्या मध्यापासून दोन्ही पंखांच्या टोकांपर्यंत एकच दोरा लावून पाहावा. दोन्हीकडे तो सारखा पुरला पाहिजे. मागून पाहतां दोन्ही पंखांचा कल एकसारखा दिसला पाहिजे. पिळलेला पंख कितीहि घट्ट जोडला तरी तो विमानास एकाच बाजूस लोळवीत राहील.

वजनाचा हिशेब येथूनच सुरू होतो. इपॉक्सी जड असतें. विमानाचा तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून किती अंतरावर यावा तें बनविणारानें सांगितलेलें असतें. त्या खुणेखालीं दोन बोटें देऊन विमान उचलावें, तें सपाट किंवा नाकाकडे किंचित् झुकलेलें राहावें. शेपटीकडे झुकल्यास उडवूंच नये. शेपटी तोलाच्या खुणेपासून दूर असल्यामुळें तेथें वाढलेल्या दहा ग्रॅमांस नाकांत वीस-तीस ग्रॅम भरावे लागतात. दोन इंजिनांच्या विमानांत आडवा तोलहि तितकाच महत्त्वाचा. डाव्या पंखांत इपॉक्सी भरलें, तर उजव्या पंखाच्या टोकास तोल साधेल एवढेंच शिसें किंवा एखादें नाणें चिकटवावें; टोक मध्यापासून दूर असल्यामुळें तेथें इपॉक्सीहून कमी भार पुरतो.

मग मोटरींची जुळणी. दोन्ही वेग-नियंत्रकांस हातांतील यंत्राच्या दांडीची सर्वांत खालची व सर्वांत वरची जागा एकाच वेळीं शिकवावी लागते. न शिकविल्यास एक मोटर आधीं व दुसरी मागून सुरू होते, आणि विमान धांवतांनाच भरकटतें. दोन्ही नियंत्रक संदेश घेणाऱ्या पेटीस वीज पुरवीत असतील, तर बहुतेक वेळां एकाची लाल तार सोडवून ठेवावी लागते. याबाबत त्यासोबतचें पत्रक प्रमाण मानावें. मोटर उलट फिरत असली तर तीन तारांपैकीं कोणत्याहि दोन अदलाबदल केल्या कीं सुलट फिरते. मूळ मॉस्किटोचीं दोन्ही इंजिनें एकाच दिशेनें फिरत, म्हणून तें धांवतांना एका बाजूस ओढत असे; प्रतिकृतींत पुष्कळदां दोन प्रॉपेलर परस्परविरुद्ध फिरवून हा दोष टाळितात. तसें असल्यास डावा व उजवा प्रॉपेलर वेगळे असतात, आणि त्यांवरील अक्षरांची बाजू पुढें येते. हीं सर्व कामें प्रॉपेलर काढून करावीं. घरांत फिरणारा प्रॉपेलर बोट कापतो, येथें थट्टा नाहीं. संदेश तुटल्यास दोन्ही मोटरी आपोआप बंद पडतील अशी योजनाहि याच वेळीं करून ती पारखून घ्यावी.

बॅटरीकडे दुर्लक्ष केल्यास नुकसान विमानापुरतें राहात नाहीं. लिथियमच्या प्रत्येक कोशाचा दाब भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो, आणि ठेवणीसाठीं तो ३.८ च्या सुमारास ठेवावा. आपटलेली, फुगलेली किंवा गोड वास येणारी बॅटरी पुन्हा भरूं नये. ती घराबाहेर, जळण्यासारखें कांहीं जवळ नसेल तेथें ठेवावी, कारण तिचा भडका पुष्कळदां उशिरानें होतो. चांगली बॅटरीहि भरावयास लावून झोपूं नये.

समुद्रकांठीं आणखी एक जपणूक लागते. किनाऱ्याच्या काळ्या वाळूंतील लोहयुक्त कण मोटरीच्या चुंबकांस चिकटतात व आंत घासत राहतात. म्हणून विमान वाळूंत उतरवूं नये. उतरलेंच तर मऊ ब्रशानें मोटर साफ करावी. खाऱ्या हवेनें जोडण्यांवर हिरवट थर चढतो, तो पावसाळ्यानंतर पाहून घ्यावा. डाव्या मोटरीची जोडणी मुळांत सैल कां झाली, याचें उत्तर कदाचित् तेथेंच मिळेल. कदाचित् ती प्रथमपासूनच पुरती बसविलेली नसेल. जुन्या तांब्यावर थर आहे कीं तें स्वच्छ आहे, एवढ्यावरून हें कळतें.

पुन्हा उडविण्यापूर्वीं कायद्याची बाजू पाहावी. भारताच्या २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणें २५० ग्रॅमहून जड व दोन किलोपर्यंतचें यान सूक्ष्म वर्गांत मोडतें. तें धंद्यासाठीं नसल्यास चालकास परवाना लागत नाहीं, तरी नोंदणीविषयींची चौकशी, सरकारी हवाई नकाशा आणि स्थानिक पोलिसांचा एखादा मनाईहुकूम हीं पाहणें चुकत नाहीं. वस्ती, रस्ता व विजेच्या तारा यांपासून दूरचें शेत निवडावें, आणि शेतधन्यास विचारून.

पहिलें उड्डाण दोन मिनिटांचें पुरे. उंचीवर जाऊन मोटरींचा जोर कमी करावा आणि विमान सरळ घसरतें कीं एका बाजूस कलतें, तें पाहावें. उतरल्यावर लगेच दुसरी फेरी न घेतां विमान उलटें धरावें, जोडलेल्या जागेवरून नख फिरवावें, पंखाचें टोक हलकेंच वांकवून कान लावावा. सांधा सुटत असेल तर तो बारीकसा चरचरतो.