गेम अडतो कुठं?



पुण्याहून साताऱ्याकडं निघालात आणि खेड-शिवापूरचा टोलनाका मागं पडला, की थोड्याच वेळात शिवरे लागतं. भोर तालुक्यातलं, महामार्गाच्या काठचं गाव. पुढं नसरापूर, चेलाडी फाटा, आणि तिथून उजवीकडं वळलं की वेल्ह्याचा रस्ता, म्हणजे राजगड-तोरण्याचा. या पट्ट्यात कोणत्याही गावी संध्याकाळी जा. देवळाच्या ओट्यावर नाहीतर बसथांब्यावर चार पोरं मोबाइल घेऊन बसलेली असतात. मोबाइल उभा धरलेला असेल तर रील चालू आहे, आडवा धरलेला असेल तर गेम. मध्येच कुणीतरी ओरडतं, 'पिंग वाढला रे', म्हणजे नेट अडखळलं, आणि सगळ्यांचा जीव वरखाली होतो.

ही पोरं बहुतेक दोन गेम खेळतात, फ्री फायर आणि बीजीएमआय. पहिला सिंगापूरच्या कंपनीचा, दुसरा दक्षिण कोरियाच्या. आणि इथून जेमतेम तीसेक किलोमीटरवर, पुण्यात, गेम बनवणारी आपली माणसं बसलेली आहेत. चांगली, शिकलेली, जगानं नाव घेतलेली माणसं. त्यांचा गेम या ओट्यापर्यंत का पोचत नाही, एवढंच आज मला बोलायचं आहे.

आपल्याकडं कौशल्य नाही, असं पहिलं उत्तर दिलं जातं. ते मला पटत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओचंच बघा. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड या तिघांनी तो उभा केला. त्यांच्या गेमचं नाव 'राजी'. सर्कशीत कसरती करणारी एक मुलगी असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघते, अशी गोष्ट. पार्श्वभूमी पहाडी लघुचित्रांच्या वळणाची, मधले प्रसंग छायाबाहुल्यांसारखे रंगवलेले. 2017 साली या मंडळींनी किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे गोळा करायचा प्रयत्न केला आणि तो फसला. मग संस्थापकांपैकी एकानं स्वतःचा फ्लॅट विकला आणि काम चालू ठेवलं. ऑगस्ट 2020 मध्ये 'राजी' निन्टेन्डो स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये संगणकावर, प्लेस्टेशनवर आणि एक्सबॉक्सवर. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. जगभरातून निवडलेल्या पाच गेमपैकी एक पुण्याचा होता.

आता ओट्यावरच्या पोरांना विचारा, 'राजी' खेळलात का? नाव ऐकलेलं नसतं. यात त्यांचा दोष काय? निन्टेन्डो स्विच भारतात अधिकृतपणे विकायलाच आलेला नव्हता. प्लेस्टेशन 5 जगात नोव्हेंबर 2020 मध्ये आला, आपल्याकडं फेब्रुवारी 2021 मध्ये, 49,990 रुपयांना, आणि त्यावरचा मोठा नवा गेम 4,999 रुपयांचा.  म्हणजे पुण्यात बनलेला गेम पुणे जिल्ह्याच्याच खेड्यातल्या पोराच्या हातात पडेल, अशी वाट तेव्हा फारशी नव्हतीच. स्टुडिओला पैसे मिळणार ते परदेशातल्या गिऱ्हाइकाकडून, म्हणून गेमही आधी इंग्रजीत. हिंदी आवाज पुढं सुधारित आवृत्तीत आले. मराठीचा तर विषयच निघाला नाही.

मोबाइलवर म्हणाल तर गणित उलटं आहे. गेम डाउनलोड करण्यात भारत जगात पहिला. पैसे देण्यात मात्र फार मागं. सगळं फुकट हवं असतं, आणि फुकटात जाहिराती बघाव्या लागल्या तरी चालतं. जो थोडा पैसा सुटतो तो फ्री फायरच्या डायमंडांवर, बीजीएमआयच्या यूसीवर, म्हणजे गेममधल्या नाण्यांवर, आणि बंदुकीच्या नव्या रंगावर. फुकटाचा धंदा कोट्यवधी खेळणाऱ्यांवरच चालतो. तेवढे गोळा करायला आधी जाहिरातीवर ओतायचे पैसे कोरियाच्या कंपनीकडं असतात. पुण्यातल्या वीस-पंचवीस जणांच्या स्टुडिओकडं कुठून येणार?

त्यात एक ठेच आपण नीट लक्षात ठेवावी अशी आहे. सप्टेंबर 2020 मध्ये केंद्र सरकारनं पबजी मोबाइलवर बंदी घातली. मैदान रिकामं झालं. सगळे म्हणाले, आता आपला गेम येऊ दे. बंगळूरच्या कंपनीनं घाईघाईनं 'फौजी' आणला, 26 जानेवारी 2021 चा मुहूर्त धरून. गाजावाजा मोठा झाला, खेळणाऱ्यांचं मन भरलं नाही. जुलै 2021 मध्ये तोच कोरियन गेम बीजीएमआय या नावानं परत आला. म्हणजे मैदान रिकामं होतं ते दहा महिने. पुण्याच्या सुपरगेमिंगनं त्याच धाटणीचा 'इंडस' हा गेम मनावर घेतला, नीट वेळ देऊन केला, आणि तो लोकांच्या हाती पडला ऑक्टोबर 2024 मध्ये. चांगला गेम दहा महिन्यांत होत नाही, त्याला वर्षं लागतात. बंदी घालून स्वदेशी गेम जन्माला घालता येईल असं ज्यांना वाटतं, त्यांनी या तारखा एकदा शेजारी-शेजारी लिहून बघाव्यात.

ही वर्षं काढायची कुणाच्या जिवावर? आपल्याकडचे बहुतेक स्टुडिओ दुसऱ्यांची कामं करून जगतात. परदेशी गेमसाठी झाडं, गाड्या, कपडे बनवून द्यायचे, चुका शोधून द्यायच्या. काम चोख असतं, पगार वेळेवर होतात. पण दहा वर्षं दुसऱ्याच्या इमारतीच्या खिडक्या बसवून दिल्या, म्हणून पाया कुठं खणायचा ते कळत नाही. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा स्टुडिओ पुण्यात 2008 पासून आहे. 2020 साली कंपनीनं जाहीर केलं, की 'प्रिन्स ऑफ पर्शिया : सँड्स ऑफ टाइम' या गाजलेल्या गेमची नवी आवृत्ती पुणे आणि मुंबईचे स्टुडिओ करणार आहेत. एवढं मोठं काम भारतात पहिल्यांदाच मुख्य म्हणून आलं होतं. झलक लोकांना आवडली नाही, तारखा पुढं गेल्या, आणि मे 2022 मध्ये काम माँट्रियलला हलवलं गेलं, जिथं मूळ गेम 2003 साली झाला होता. आपल्या कलाकारांची बोटं कमी पडली असं मी म्हणणार नाही. पण सबंध गेम अंगावर घेऊन पाच-सहा वेळा पडलेली, पुन्हा उठलेली माणसं आपल्याकडं किती? असा अनुभव विकत मिळत नाही, आणि स्वतःचे छोटे गेम केल्याशिवाय तो येतही नाही.

पैसा देशात नव्हता असंही नाही. तो पैसे लावून खेळायच्या ॲपकडं गेला. रमी, पोकर, क्रिकेटच्या टीमा. 'गेमिंग उद्योग वाढतोय' असे मथळे आपण वाचत होतो, त्यातलं निम्म्याहून जास्त उत्पन्न या खेळांचं होतं. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले आणि ई-स्पोर्ट्स नि साधे गेम वेगळे धरले. कायदा फार सरसकट झाला का, यावर वाद आहेत, ते असोत. माझा मुद्दा बारीक आहे. त्या ॲपांच्या नादात घरं बुडाल्याच्या बातम्या खेड्यापाड्यांत पोचल्या, आणि पोरगं 'मी गेम बनवायला शिकतो' म्हणालं की आईबापांना तेच ॲप आठवतं. हा डाग पुसायला कायद्यापेक्षा जास्त वेळ लागणार आहे.

तर अडचण माझ्या मते विकत घेणाऱ्याची आहे. आपल्या भाषेतला, आपल्या परवडणाऱ्या किमतीचा गेम विकत घेणारं गिऱ्हाईक आपल्याकडं तयारच केलं गेलं नाही. गिऱ्हाईक तयार करावं लागतं, आणि ते करता येतं. पोलंडचं उदाहरण घ्या. सन 1990 नंतरच्या दशकात तिथं बाजारात चोरून कॉपी केलेले गेम स्वस्तात मिळत. कोण पैसे देऊन घेणार? सीडी प्रोजेक्ट नावाची एक छोटी कंपनी परदेशी गेम आणून विकत असे. त्यांनी 1999 साली 'बॉल्डर्स गेट' हा अमेरिकेत प्रकाशित झालेला, कॅनडात बनलेला, भल्या मोठ्या संवादांचा गेम पूर्ण पोलिश भाषेत आणला. नावाजलेल्या पोलिश नटांचे आवाज, खोक्यात नकाशा आणि पुस्तिका. चोरबाजारात हे मिळत नव्हतं. लोकांनी पैसे दिले. त्या पैशावर आणि त्या अनुभवावर पुढं याच कंपनीनं पोलिश लेखकाच्या कथांवरून 'विचर' केला. तो इतका गाजला, की 2011 साली पोलंडच्या पंतप्रधानांनी बराक ओबामांना दिलेल्या भेटीत त्याचा दुसरा भाग होता. पोलंडची लोकसंख्या चार कोटींच्या आत. मराठी बोलणारे 2011 च्या जनगणनेत आठ कोटींच्या वर होते.

मराठीत हे का होत नाही? एक कारण इतकं साधं आहे, की सांगताना संकोच वाटतो. गेम ज्या तयार सॉफ्टवेअरवर बनवतात, त्याला इंजिन म्हणतात. सगळ्यांत जास्त वापरल्या जाणाऱ्या इंजिनांपैकी एक म्हणजे युनिटी. त्यात वर्षानुवर्षं देवनागरी धड उमटत नव्हती. 'किल्ला' लिहिलं तर पहिली वेलांटी 'क'च्या उजवीकडं जाऊन बसायची आणि 'ल्ल'चे पाय मोडून दोन सुटे 'ल' दिसायचे. प्रत्येक स्टुडिओ आपापली ठिगळं लावायचा, किंवा कंटाळून इंग्रजीच ठेवायचा. गोडो नावाच्या फुकट आणि खुल्या इंजिनाच्या चौथ्या आवृत्तीत, 2023 पासून, जोडाक्षरं नीट येतात. म्हणजे ती सबब आता उरली नाही. पण ही गोष्ट किती मराठी मुलांना कुणी सांगितली आहे?

दुसरं कारण नाजूक आहे. मराठी गेम म्हटलं की सगळ्यांना एकच विषय सुचतो, शिवाजी महाराज. साहजिक आहे. पण गेम ही चीज सिनेमापेक्षा वेगळी. गेममध्ये खेळणारा चुकतो. नायक दरीत पडतो, बाण लागून मरतो, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. दिवसातून पन्नास वेळा. महाराजांना असं पडताना कोण दाखवणार? दाखवूही नये, असं माझंही मत आहे. 2009 साली प्लेस्टेशनवर हनुमानाचा गेम आला, तेव्हा अमेरिकेतून आक्षेप आलाच, की देवाला बटणांनी नाचवू नका. मग असे गेम काढणारे एक तर घाबरतात, नाहीतर नायकाला इतका अजिंक्य करतात की खेळण्यात काही उरतच नाही. 'राजी'वाल्यांनी युक्ती केली. दुर्गा आणि विष्णू गोष्ट सांगतात, पडते-झडते ती कुणाची तरी साधी मुलगी.

तीच युक्ती इथंही चालेल. शिवऱ्याच्या पोरांनी राजगड पाहिलेला असतो. चोर दरवाजानं चढताना हात कुठं ठेवायचा, हे त्यांना ठाऊक असतं. संजीवनी माचीला दुहेरी तटबंदी आहे. आतल्या तटातून बाहेरच्या चिलखतात उतरायला अरुंद पायऱ्या, वाकून जायचे छोटे दरवाजे. सुवेळा माचीच्या कातळात आरपार नेढं आहे. गेमची लेव्हल आखणाऱ्या माणसाला यापेक्षा जास्त काय हवं? 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा मानलं, त्यात राजगड आहे. नायक म्हणून एखादा जासूद घ्या, ज्याचं नाव कुठल्याच बखरीत आलेलं नाही. रात्र एक, माची एक, निरोप एक. तो पडला तर पडला, कुणाच्या भावना दुखावत नाहीत. आणि एवढाच गेम करा. सबंध स्वराज्य पहिल्याच गेममध्ये बसवायला गेलात, तर तो पुरा होणार नाही.

अशा छोट्या गेमला चार-पाच माणसं, वर्ष-दीड वर्ष आणि पगारापुरते पैसे लागतात. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ॲनिमेशन आणि गेमिंगसाठी धोरण मंजूर केलं, 2050 पर्यंतचं, 3,268 कोटी रुपयांचं. अशा धोरणांतले पैसे आपल्याकडं आधी इमारतींत आणि उद्यानांत जातात, हे आपण माहिती-तंत्रज्ञानाच्या वेळी पाहिलं आहे. त्यातला लहानसा वाटा वेगळा काढून दहा-पंधरा लाखांच्या तुकड्यांत अशा चमूंना द्यावा. अट एकच घालावी, की गेम मराठीत खेळता आला पाहिजे आणि मोबाइलवर शंभर-दीडशे रुपयांच्या आत मिळाला पाहिजे. दहांतले आठ बुडतील. बुडू देत. ते बनवणारी माणसं पुढच्या गेमला लागतील.