परीक्षेचे भय आणि स्मरण

(मंडळाच्या वार्षिक गुणगौरव समारंभातील व्याख्यान)



ज्यांचा आज येथे सत्कार झाला, त्या मुलामुलींचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो. परंतु मला बोलावयाचे आहे ते मागच्या रांगांत बसलेल्या आणि कदाचित आज येथे येण्याचेच टाळलेल्या मुलांविषयी. ‘घरी सगळे येत होते, पण पेपर हाती पडला आणि काहीच आठवेना’, ही तक्रार प्रत्येक शिक्षकाच्या कानी दरवर्षी येते. आईबाप तिला सबब समजतात. मानसशास्त्राचा व मज्जाशास्त्राचा निर्वाळा मात्र मुलाच्या बाजूचा आहे.

आपल्या मेंदूत, दोन्ही कानशिलांच्या आतल्या अंगास, बदामाएवढा एकेक भाग असतो. त्यास अ‍ॅमिग्डाला म्हणतात. संकटाची चाहूल लागताच तो शरीरास सावध करतो. छाती धडधडते, तळहातांस घाम सुटतो, तोंडास कोरड पडते. वॉल्टर कॅनन ह्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९१५ साली आपल्या ग्रंथात हे दाखविले की, ही सारी तयारी लढण्याची किंवा पळण्याची असते. वाघासमोर ती उपयोगाची. बीजगणितासमोर तिचा काय उपयोग? त्याच वेळी मूत्रपिंडांच्या माथ्यावरील ग्रंथी कॉर्टिसोल नावाचा स्राव रक्तात सोडतात. तो रक्तावाटे मेंदूत जातो आणि अ‍ॅमिग्डालाच्या शेजारी असलेल्या हिप्पोकॅम्पस ह्या भागावरही परिणाम करतो. पाठ केलेले जतन करण्याचे व आठवून देण्याचे काम मुख्यतः ह्याच भागाकडे आहे.

ह्याविषयी २००० साली स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी माणसांस शब्दांची यादी शिकविण्यात आली व दुसऱ्या दिवशी ती आठवण्यास सांगितले. ज्यांना आठवण्यापूर्वी तासभर आधी कॉर्टिसोन दिले होते, त्यांना इतरांपेक्षा कमी शब्द आठवले. तेच औषध शिकण्याच्या वेळी दिले असता असा अपाय दिसला नाही. म्हणजे शिकलेले जागच्या जागी असते. दार तेवढे अडते. आपले मूल खोटे बोलत नसते.

त्याच देशातील जिनिव्हा शहरी एद्वार क्लापारेद नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते. त्यांच्या एका रुग्ण स्त्रीस नवे काहीच लक्षात राहत नसे. रोजचे डॉक्टरही तिला अनोळखी वाटत. एकदा त्यांनी हातात टाचणी लपवून तिचा हात हाती घेतला. पुढे पुन्हा त्यांनी हात पुढे केला, तेव्हा तिने आपला हात मागे घेतला. टोचल्याचे मात्र तिला स्मरत नव्हते. ही हकीकत त्यांनी १९११ साली प्रसिद्ध केली. घटना विसरली, पण भय राहिले. दुसरीतल्या मुलाला पाढा चुकल्याबद्दल बसलेली चपराक पुढे आठवत नसेल. नववीत गणिताचे पुस्तक उघडताच पोटात गोळा मात्र उठतो, आणि का उठतो हे त्यालाही सांगता येत नाही.

‘आम्ही मार खाऊनच शिकलो’, असे येथे कोणी तरी म्हणेल. यर्क्स व डॉडसन ह्यांनी १९०८ साली उंदरांवर विजेच्या झटक्यांचे प्रयोग केले. ओळखण्याचे काम सोपे होते तेव्हा झटका वाढविल्याने उंदीर लवकर शिकले. काम कठीण होताच जोराच्या झटक्याने शिकणे मंदावले. उंदरांवरून माणसांचे सारे ठरविता येत नाही हे खरे, आणि थोडी काळजी मुलास जागे ठेवते हेही खरे. पण पाढ्यांच्या वेळी चाललेला धाक भूमितीच्या वेळीही चालेल, हा समज सोडावा.

उपाय खर्चिक नाही. शिकागो येथील संशोधकांनी २०११ साली असे दाखविले की, परीक्षेच्या अगोदर दहा मिनिटे आपल्या मनातील भीती कागदावर उतरविल्याने परीक्षेस अतिशय भिणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण सुधारले. एक पाठकोरा कागद व पेन्सिल एवढेच साहित्य! तो कागद पालकांनी वाचू नये. जागरण टाळावे, झोपेत स्मरण पक्के होते. आणि पेपराच्या दिवशी सकाळी चुलतभावाच्या टक्क्यांचा विषय काढू नये. निकालाच्या दिवसांत वर्तमानपत्र उघडताना छातीत धस्स होते, ते का, हे येथे सांगण्याची गरज नाही.

ह्यात आपल्या मंडळाचाही वाटा आहे. ह्या स्मरणिकेत यशस्वी विद्यार्थ्यांची नावे टक्केवारीच्या उतरत्या क्रमाने छापली जातात, आणि ती यादी घरोघरी वर्षभर दाखविली जाते. पुढील वर्षापासून उत्तीर्ण झालेल्या सर्वांची नावे वर्णानुक्रमे, टक्क्यांवाचून छापावीत, अशी लेखी सूचना मी चिटणीसांकडे दिली आहे. पारितोषिके राहू द्यावीत; माझा आक्षेप यादीला आहे. ह्या सूचनेवर सभासदांनी, आणि विशेषतः मातांनी, आपले मत वार्षिक सभेपूर्वी कळवावे.